पतसंस्थेतल्या ठेवीला पाच लाखांचा विमा नसतो

"सरकारी रोखे पडले, पोस्टात काही उरलं नाही. आमच्या मल्टिस्टेट सोसायटीत महिन्याला सव्वा टक्का हमखास, पाच लाखांपर्यंत विमा, नोंदणी थेट दिल्लीची." कापसाचे चुकारे हाती येऊ लागले तसा हा मेसेज आमच्या यवतमाळकडच्या गावांत फिरतो आहे. काकाजींनी तो मला पाठवला आणि विचारलं, "पेन्शनीचे पैसे इकडं टाकू का?" म्हणून लिहितो.

आधी विम्याचं बोलू, कारण सगळ्यात घातक थाप तीच आहे. बँक बुडाली तर ठेवीदाराला भरपाई देणाऱ्या ठेव विमा महामंडळाचं (DICGC) संरक्षण फक्त बँकांतल्या ठेवींना आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली, तीही मुद्दल आणि व्याज मिळून. सहकारी बँका त्यात येतात. पतसंस्था आणि मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या, क्रेडिट सोसायट्या येत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर सूचना काढून हेच बजावलं होतं: काही सहकारी संस्था नावात 'बँक' लावतात, नाममात्र सभासदांकडून ठेवी घेतात, त्यांच्याकडे बँकिंगचा परवाना नाही आणि त्यांच्या ठेवींना विमा नाही. काकाजींना एजंटनं दिलेला अर्ज मी पाहिला. वर ठळक अक्षरांत 'सुरक्षित ठेव योजना', आणि सहीच्या जागेच्या वर बारीक अक्षरांत 'मी नाममात्र सभासद होण्यास तयार आहे'. अशा सभासदाला मताचाही हक्क नसतो. पैसा त्याचा, कारभार दुसऱ्याचा.

महिन्याला सव्वा म्हणजे वर्षाला १५ टक्के. ते द्यायचे तर संस्थेला कर्ज १७-१८ टक्क्यांनी वाटावं लागेल. वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शून्य टक्क्यानं पडतं. मग १८ टक्क्यांनी कोण उचलतो? ज्याला बँकेनं दारातून परत पाठवलं तो. तुमची ठेव त्याच्या परतफेडीवर उभी आहे, 'हमखास' कुठून आलं?

दिल्लीची नोंदणी खरी असेलही. नोंदणी म्हणजे सरकारची हमी नव्हे, एवढंच.

रोख्यांबद्दलचं अर्धं मात्र मान्य करावं लागेल. रोखा म्हणजे सरकारनं आपल्याकडून घेतलेल्या कर्जाचा कागद, आणि लांब मुदतीच्या रोख्यांचे भाव खरंच हेलकावतात. ७ टक्के व्याजाचा ३० वर्षांचा रोखा घेतला आणि बाजारातला दर ८ झाला, तर नवा रोखा आठ देत असताना सातवाला पूर्ण किमतीत कोणी घेत नाही, आणि शंभराचा भाव ८९ च्या आसपास येतो. ज्याला मधेच पोरीच्या लग्नासाठी विकावा लागेल त्याचं नुकसान पक्कं. पण मुदतीपर्यंत ठेवणाऱ्याला दरवर्षी सात आणि शेवटी शंभर मिळतातच. भाव पडणं वेगळं आणि पैसा बुडणं वेगळं; मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्ही मुद्दाम एकत्र केलं आहे.

आणि पोस्टात काही उरलं नाही म्हणे! साठीपुढच्यांसाठीच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. त्या दरानं दहा लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये येतात, आणि घेतल्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. मर्यादा ३० लाखांची. साठीच्या आतल्यांना रिझर्व्ह बँकेचे बदलत्या व्याजाचे रोखे आहेत: मुदत सात वर्षं, व्याज राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्क्यानं जास्त, आणि ते बाजारात विकलेच जात नाहीत, त्यामुळे भाव पडायचा प्रश्नच नाही.

एजंट पुन्हा आला, तर विमा उतरवलेल्या बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर आहे. तीत त्याच्या सोसायटीचं नाव दाखवायला सांगा. तोवर अर्जावर सही करू नका.