रंगाचा हात दिला असता तर विक्रांत वाचली असती?

नौदल दिन जवळ आला की विक्रांतचा तो संदेश फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच. ७१च्या युद्धातली विमानवाहू नौका ठणठणीत होती, रंगाचा हात देऊन मुंबईत उभी ठेवायची होती. उभ्या जहाजाला खर्च कसला? गळती लागली तर पत्रा ठोकायचा. अमेरिकेची मिडवे ही संग्रहालय झालेली विमानवाहू नौका तिकिटांवर चालते, मग ही का नाही? नाहीतर विशाखापट्टणमच्या कुरसुरा पाणबुडीसारखी किनाऱ्यावर ओढून ठेवायची. सरकारने मात्र ६० कोटींत मातीमोल विकली.

हळहळ खरी आहे. कारणं मात्र बहुतेक चुकीची आहेत, आणि त्यांच्या भरवशावर पुढचं जहाज वाचवायला गेलो तर तेही हातचं जाईल.

संदेशात एक गोष्ट कधीच नसते: विक्रांत तरंगतं संग्रहालय होतीच. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झालेली ही नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. २००१पासून ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना दाखवली जात होती. २०१२मध्ये सुरक्षेच्या कारणावरून प्रवेश बंद झाला, जानेवारी २०१४मध्ये लिलाव झाला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात गॅसकटर लागले. म्हणजे ‘पाण्यात ठेवून बघायचं होतं’ हे म्हणणंच गैरलागू आहे. ठेवून बघितलं होतं.

‘ठणठणीत होती, फक्त रंग हवा होता’

धक्क्यावरून जे दिसतं ते जहाजाचं वरचं अंग. जहाज मरतं ते खालून आणि आतून.

समुद्राच्या पाण्यात उघड्या पोलादाची झीज सरासरी वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आसपास धरतात. १२ मिलिमीटरचा पत्रा असेल तर पंधरा वर्षांत दीड मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण गंज सरासरीने लागत नाही. तो खड्डे पाडतो, आणि खड्ड्यांचा वेग सरासरीच्या चार-पाच पट सहज असतो. त्याच पंधरा वर्षांत एखाद्या जागी सहा-सात मिलिमीटर गेलेले असतात आणि शेजारचा पत्रा नव्यासारखा वाजतो. म्हणून हातोडीने ठोकून ‘चांगलं आहे’ म्हणण्याला अर्थ नसतो. अल्ट्रासोनिक यंत्राने आखीव चौकटीत हजारो ठिकाणी जाडी मोजावी लागते. साधारण चौथाई जाडी गेली की तो पत्रा बदलायला काढायचा, असा धंद्यातला ठोकताळा आहे.

सगळ्यात आधी जातो तो पाणरेषेचा पट्टा, कारण तिथे पाणी आणि हवा आलटून पालटून लागतात. मग बॉयलरखालचा बिल्ज (तळाचा खोलगट भाग, जिथे पाणी साचतं), न्हाणीघरांखालचे डेक, आणि जिथे तळाशी सिमेंट ओतलेलं आहे त्याच्या खालची बाजू. या जागा दिसत नाहीत, तिथे ब्रश पोचत नाही. बिल्जमध्ये तेलकट पाणी साचून राहिलं की ऑक्सिजन न लागणारे जिवाणू वाढतात आणि ते पत्रा आतून पोखरतात.

आता रंग. पाण्याखालचा रंग धक्क्याला लागलेल्या जहाजाला देताच येत नाही. जहाज सुक्या गोदीत (जिथलं पाणी काढून टाकता येतं) घ्यायचं, कालवं-शिंपले खरवडायचे, गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मीठ धुवायचं, ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूसारखे कण जोरात मारून, पोलाद पांढुरकं करायचं आणि त्याच पाळीत पहिला हात मारायचा. इपॉक्सीचे थर मिळून अडीचशे-तीनशे मायक्रॉन, त्यावर शिंपले धरू न देणारा रंग. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर. जून ते सप्टेंबर मुंबईत हे जुळवणं किती अवघड आहे ते गोदीतल्या कोणत्याही रंगाऱ्याला विचारा. मीठ धुतल्याशिवाय वर रंग चढवला तर वर्षभरात फोड येतात, आणि फोडाखालचा गंज डोळ्याआड वाढत राहतो. नुसता ‘रंगाचा हात’ म्हणजे बहुतेक वेळा हेच.

‘उभ्या जहाजाला खर्च कसला?’

डिझेल वाचतं, बाकी काही वाचत नाही. चालतं जहाज ठराविक वर्षांनी गोदीत जातंच, कारण त्याशिवाय त्याला समुद्रात जाऊ देत नाहीत. उभ्या जहाजाला असं कुणी विचारत नाही, म्हणून ते जास्त लवकर कुजतं.

एक हिशेब मांडून बघू. विक्रांतची लांबी सुमारे २१३ मीटर. पाण्याखालचा पृष्ठभाग ढोबळमानाने सहा हजार चौरस मीटर. पोलाद गंजू नये म्हणून बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात. पोलादाऐवजी ते झिजतात. रंग शाबूत असेल तर प्रत्येक चौरस मीटरला २० मिलिअँपिअर संरक्षक प्रवाह धरू, म्हणजे एकूण १२० अँपिअर. एक किलो जस्त साधारण ७८० अँपिअर-तास देतं. वर्षाला जवळजवळ १,३५० किलो जस्त संपलं. रंग गेला की गरज चौरस मीटरला १०० मिलिअँपिअरच्या घरात जाते, आणि तोच आकडा वर्षाला पावणेसात टनांवर पोचतो. हे ठोकळे पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांकरवी बदलता येतात, पण खाली जाऊन मोजायला आणि बदलायला माणूस, पैसा आणि वेळापत्रक लागतं. किनाऱ्यावरून घेतलेली वीज नीट विलग केलेली नसेल, तर भटका प्रवाह याच्यापेक्षा वेगाने पत्रा खातो.

वरून पाऊस. मुंबईत वर्षाला दोन मीटरच्या वर पडतो. पाच हजार चौरस मीटरचा उड्डाण-डेक धरला तरी दर पावसाळ्यात दहा हजार टन पाणी त्यावर पडतं. त्यातलं एक टक्का जरी झिरपून खाली गेलं, तरी शंभर टन. ते उपसलं नाही तर नुसता गंज वाढत नाही. मोकळं पाणी एका बाजूला वाहतं, जहाज कलतं, आणि कलल्यावर वरची एखादी उघडी फट पाण्याखाली जाते.

खालून गाळ. मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरपर्यंत जातो. दोर सैल-घट्ट करायला चोवीस तास माणूस हवा. जहाजावर चढायची फळी व्हीलचेअर जाईल अशा एकास बारा उतारावर ठेवायची, तर नुसत्या पाच मीटर फरकासाठी ६० मीटर लांब लागते. आणि गाळ उपसत राहिलं नाही तर जहाज ओहोटीला चिखलात बसतं. न्यूयॉर्कच्या इंट्रेपिड या संग्रहालय-नौकेला नोव्हेंबर २००६मध्ये दुरुस्तीसाठी न्यायला ओढणाऱ्या बोटी (टग) लावल्या, तर ती जागची हलेना. तिचे पंखे (प्रोपेलर) चिखलात रुतले होते. गाळ काढून डिसेंबरात ती सुटली.

‘गळती लागली तर पत्रा ठोकायचा’

पाच मीटर खोलीवर नाण्याएवढं, पंचवीस मिलिमीटर व्यासाचं एक भोक पडलं तर ताशी सुमारे दहा टन पाणी आत येतं. दिवसाला अडीचशे टन. लाकडी गुट्टी मारून, वर सिमेंटची पेटी ओतून ते तात्पुरतं थांबवता येतं. घोडं अडतं पुढे. ती पेटी तशीच राहते आणि तिच्याखाली पत्रा कुजत जातो.

वरून पत्रा चढवून वेल्ड केला, ज्याला डब्लर म्हणतात, तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकतं. शिवाय वेल्डिंगचा ताप शेजारच्या पातळ झालेल्या पत्र्याला सोसत नाही, तिथे नवं भोक पडतं. जुन्या जहाजात रिव्हेट असतील तर तेही ढिले होतात. एका ठिगळाला चार ठिगळं लागतात ती अशी. बरा इलाज एकच: गोदीत घेऊन कुजका भाग कापायचा आणि त्याच जाडीचा नवा पत्रा बसवायचा. टेक्सास या युद्धनौकेचं नेमकं हेच झालं. १९४८पासून ती संग्रहालय आहे. १९९०मध्ये गोदीतून बाहेर आली ती थेट २०२२मध्ये पुन्हा आत गेली. मधली बत्तीस वर्षं पंप आणि ठिगळांवर निघाली, आणि शेवटी टेक्सास राज्याने साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले तेव्हा कुठे गोदी दिसली. बफेलोची ‘द सलिव्हन्स’ ही विनाशिका तर एप्रिल २०२२मध्ये धक्क्यालाच कलून अर्धी बुडाली.

यात एक गोष्ट संग्रहालयवालेच बिघडवतात. युद्धनौकेचे जलाभेद्य कप्पे हीच तिची ढाल. पर्यटकांना फिरता यावं म्हणून भिंतींत दारं कापली, वातानुकूलनाचे डक्ट आणि केबली आरपार नेल्या, की कप्पे नावाला उरतात. मग एका ठिकाणची गळती एका कप्प्यात थांबत नाही. त्यामुळे पहिलं काम पुतळे आणि प्रकाशयोजना नव्हे. समुद्राचं पाणी आत घेणारं प्रत्येक तोंड बाहेरून पोलादी झाकण वेल्ड करून बंद करणं, पंख्याच्या दांड्याची पॅकिंग घट्ट करणं, प्रत्येक कप्प्यात पाण्याची पातळी सांगणारा भोंगा लावणं आणि पंपांना स्वतंत्र जनित्र देणं, हे आधी.

‘मिडवे तिकिटांवर चालते’

चालते, मान्य. वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसं, तिकीट तीस डॉलरच्या वर. तेवढीच माणसं मुंबईत आली आणि तिकीट शंभर रुपये ठेवलं तर जमतात दहा कोटी. तेही जहाज नौदल गोदीच्या कडेकोट फाटकाआड नसून गेटवेसारख्या मोक्याच्या जागी असेल तर. विक्रांत वर्षातले ठराविक दिवसच लोकांना खुली असायची.

मिडवे उभी आहे त्या सॅन दिएगोत वर्षाला जेमतेम पाव मीटर पाऊस पडतो, हेही विसरू नका. आणि मिडवे निवृत्त झाली १९९२मध्ये, संग्रहालय उघडलं जून २००४मध्ये. अमेरिकी नौदल जहाज फुकट देतं, पण त्याआधी घेणाऱ्याकडून कायमच्या जागेचा, टोइंगचा, देखभालीचा आणि पैशाचा आराखडा मागतं. तो नसेल तर जहाज मिळत नाही.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. जहाज आधी पाण्यात उभं केलं, जागा आणि पैसा मागाहून शोधत राहिलो. मुंबई बंदरातल्या ऑयस्टर रॉक बेटापासून अनेक ठिकाणांची चर्चा झाली, एकही ठरलं नाही. आमच्या मते विक्रांत २०१४मध्ये गेली नाही; जागा आणि गोदीचा खर्च न ठरवता तिला संग्रहालय म्हटलं, तेव्हाच तिचे दिवस भरायला लागले. नौदल गोदीतली विमानवाहू नौकांची मोठी सुकी गोदी सप्टेंबर २०१९मध्ये सुरू झाली. त्याआधी एवढ्या लांबीचं जहाज घेणाऱ्या गोद्या मोजक्या, आणि तिथे चालत्या जहाजांची रांग. निवृत्त जहाजाचा नंबर कधी लागणार?

‘किनाऱ्यावर ओढून ठेवायची, कुरसुरासारखी’

या मुद्द्यात दम आहे. कुरसुरा फेब्रुवारी २००१मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी रामकृष्ण बीचवर लोकांसाठी उघडली. जमिनीवर असल्याने गळती आणि बुडण्याची भीती संपली. पण ती सुमारे ९० मीटर लांब, दोन हजार टनांच्या आतली. विक्रांत रिकामीसुद्धा हजारो टनांची, तिला ओढून वर घेणं शक्य नव्हतं. तिच्यासाठी कायमची गोदी खणून, आत आणून, पाणी काढून टाकावं लागलं असतं. ब्रिस्टलच्या ‘एसएस ग्रेट ब्रिटन’ला १९७०मध्ये तिच्या मूळ गोदीत आणून ठेवलं, तशी. तिच्याही लोखंडात मुरलेलं मीठ गंज थांबू देईना. शेवटी पाणरेषेच्या पातळीवर काचेचं छत घालून खालची हवा २० टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडी ठेवावी लागली, तीही कायमची.

‘६० कोटींत मातीमोल’

विक्रांतचं वजन भरभक्कम १६ हजार टन धरलं तरी टनाला ३७ हजारांच्या वर पडतात. भंगार म्हणून हा भाव मातीमोल नव्हे. राग धरायचाच तर किमतीवर नको, मधल्या सतरा वर्षांवर धरा. विराट या नंतर निवृत्त झालेल्या विमानवाहू नौकेच्या वेळी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८मध्ये सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ संग्रहालयासाठी ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला होता. पैसा उभा राहिला नाही, आणि सप्टेंबर २०२०मध्ये विराट तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर चढली. तिचे ३८ कोटी ५४ लाख आले.

‘आता निवतीला जहाज बुडवणार, म्हणजे जपायचंच नाही’

हा मुद्दा नवा आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये आयएनएस गुलदार हे रणगाडे उतरवणारं जहाज नौदलाने राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे (एमटीडीसी) दिलं, पाण्याखालच्या संग्रहालयासाठी. बुडवलेल्या जहाजाला गोदी लागत नाही, पंप लागत नाहीत. खर्च मुख्यतः बुडवण्याआधीच होतो. टाक्यांतलं तेल आणि बिल्जमधला गाळ काढायचा, केबली, अस्बेस्टॉस आणि सुटा होणारा रंग काढायचा, बुडी मारणारा अडकेल अशी दारं आणि जाळ्या कापून टाकायच्या, प्रत्येक खोलीला दोन वाटा करायच्या, आणि जहाज सरळ बसावं म्हणून कप्पे ठरलेल्या क्रमाने भरायचे. ही कामं नीट झाली की नाही, ते बुडवण्याआधीच तपासून घ्यायला हवं. नंतर तेल वर आलं तर निवतीच्या मच्छीमारांनाच ते आधी कळेल.