जोक एकच आहे म्हणणाऱ्यांसाठी

तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मी 'द आउटर वर्ल्ड्स' या व्हिडिओ गेमला उगाच डोक्यावर घेतलंय, 'कंपन्या वाईट' हा एकच जोक शेवटपर्यंत ताणलाय, वर दोन्ही बाजू सारख्याच दाखवून गेम अंग काढून घेतो, आणि बनवणारा ऑब्सिडियन स्टुडिओ स्वतःच मायक्रोसॉफ्टच्या खिशात. खिशाचं मान्य. २०१८ लाच विकले गेले, गेम आला २०१९ ला. दुसऱ्या भागाची किंमत तर आधी ८० डॉलर लावली आणि बोंबाबोंब झाल्यावर ७० वर आणली, हे गेममध्ये असतं तर आपणच म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

पण एकच जोक? एजवॉटरमधून, म्हणजे गेममधल्या त्या कंपनीच्या गावातून, तुम्ही घाईत पुढे पळालात वाटतं. गावाबाहेर स्मशानात तो सायलस भेटतो बघा, थडग्यांचं भाडं थकलंय, वसूल करून आण म्हणतो. पुरायची जागासुद्धा गावाची मालक कंपनी स्पेसर्स चॉइसची आणि तिचे पैसे जिवंतपणीच भरायचे. कोणी आत्महत्या केली तर कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान, दंड सोबतच्या कामगारांना! मी फिदीफिदी हसलो आणि मग डोक्यात आलं, अरे दारोदार फिरून वसुली तर मीच करतोय, चार एक्सपीसाठी (गेममधले अनुभवाचे पॉइंट).

आता दोन्ही बाजूंचं, म्हणजे कंपनीचं गाव आणि ते सोडून गेलेली माणसं. त्या माणसांची म्होरकी ॲडलेड, तिचा मुलगा औषध न मिळून गेला कारण औषध आधी चांगलं काम करणाऱ्यांना. ती गाव सोडून भाजीपाला पिकवते, तिची माणसं ठणठणीत, गावातले मात्र डब्यातला सॉल्टूना खाऊन झिजतायत. आणि तिच्या भाजीला खत कसलं, तर प्रेतांचं. (स्पॉइलर आहे, पण इतक्या वर्षांनी काय लपवायचं.) इकडे प्रेताला भाडं, तिकडे प्रेताचं खत, आणि गेम म्हणतो दोघांपैकी एकाची वीज तोड, आता सांगा वीज कुणाची तोडू? मी तर बराच वेळ त्या स्क्रीनपुढे नुसता बसून होतो. याला अंग काढून घेणं म्हणत असाल तर असो.

आणि अतिशयोक्ती म्हणाल तर शिकागोजवळचं पुलमन बघा, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीने वसवलेलं गाव, १८९३ च्या मंदीनंतर पगार कापले पण घरभाडं होतं तेवढंच, १८९४ ला संप पेटला. गेमचा इतिहासही त्याच काळातून फुटतो, १९०१ ला अमेरिकेचा प्रेसिडेंट मॅकिन्लीचा खून होतच नाही, मग रूझवेल्ट प्रेसिडेंट नाही आणि कंपन्यांना वेसणही नाही.

बायझँटियम, म्हणजे गेममधलं श्रीमंतांचं शहर, मात्र घाईत उरकलंय, तिथे तुमच्याशी भांडण नाही. दुसरा भाग अजून घेतला नाहीये, सेल लागू दे.