फोटो फुटला म्हणजे एम्बार्गो मोडला असं नाही

नव्या गाडीचे फोटो अनावरणाआधी बाहेर आले की "पत्रकारांनी एम्बार्गो मोडला" असा मेसेज फिरू लागतो. अनेकदा हा आरोप चुकीचा असतो, आणि शब्द पाळून थांबलेल्या पत्रकारांवर तो अन्याय आहे. एम्बार्गो हा कायदा नव्हे. कंपनी माहिती आधी देते, पत्रकार ठरल्या वेळेलाच छापायचं कबूल करतो. ज्याने कबूलच केलं नाही, त्याला तो लागू नाही. काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या आवरणातली चाचणीची गाडी रस्त्यावर कुणीही टिपू शकतो. डिझाइन नोंदणीची चित्रंही सरकारी नोंदवहीत प्रसिद्ध होतात. युरोपीय संघात ती ३० महिन्यांपर्यंत रोखून धरता येतात, पण कंपनीने अर्जातच तशी मागणी केली असेल तरच.