प्रायश्चित्तकाळ आला, हिशेबाच्या वह्या झाका

परवा चर्चच्या हॉलमध्ये प्रायश्चित्तकाळाची, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांची, प्रश्नोत्तरे झाली. शुक्रवारी भाजीत चिकनचा क्यूब पडला तर व्रत मोडते का, या प्रश्नावर पाऊण तास खल झाला. नंतर चहाच्या वेळी एक सद्गृहस्थ म्हणाले, "पार्टनरचे पैसे राहिले होते म्हणा, पण कन्फेशन केलंय. देवाकडे विषय मिटला." आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. एकानेही विचारले नाही की पार्टनरकडे विषय मिटला का. अशा निर्मळ मनाच्या भाविकांना न्यायबिय असल्या गोष्टींचा त्रास होऊ नये, म्हणून थोडे मार्गदर्शन.

सर्वप्रथम, ताटाचे नियम तोंडपाठ करा. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की शुक्रवारी मांस वर्ज्य. अठरा पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत राखेच्या बुधवारी (प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला एक पूर्ण जेवण, दोन वेळा थोडेसे. हे सगळे मोजता येते, दाखवता येते, शिवाय खिशाला तोशीस नाही. फक्त बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायापासून लांब राहा. उपवासाच्या दिवशीही तुम्ही स्वतःचाच धंदा साधता, मजुरांना पिळता, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पहिले वाचन नेमके तेच असते. त्या दिवशी पार्किंग शोधण्यात जरा वेळ घालवा.

घरकामाच्या बाईचा किंवा दुकानातल्या पोराचा पगार ठरवताना "कबूल होऊन आली ना?" हे वाक्य जवळ ठेवा. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' परिपत्रकात म्हटले आहे की गरजेपोटी किंवा भीतीपोटी मजुराने पडेल ती अट मान्य केली, तर तो जुलमाचा बळी असतो. करारापेक्षा नैसर्गिक न्याय मोठा. कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकाच्या, २४३४व्या परिच्छेदातही आहे: दोघे राजी झाले एवढ्याने वेतन न्याय्य ठरत नाही. पण कॅटेकिझम आपण मुलाच्या दृढीकरणाच्या संस्काराच्या वेळी घेतला होता, तो आता माळ्यावर आहे. राहू द्या.

कामगाराच्या पगारातून प्रॉव्हिडंट फंडाचे बारा टक्के कापा आणि भरू नका. (परिच्छेद २४३६ याला अन्याय म्हणतो. तोही माळ्यावरच.)

कामगाराने मात्र आपला पगार कमी आहे असे स्वतःच ठरवून गल्ल्यातून गुपचूप वसुली केली, तर त्याला पोप इनोसंट अकरावे यांचा दाखला द्या. नोकरांना अशी परस्पर भरपाईची मोकळीक देणारे मत त्यांनी १६७९ मध्ये धिक्कारले होते. मजुरी अडवणे हे स्वर्गापर्यंत हाक पोचवणारे पाप आहे, हे त्याच श्वासात सांगायची गरज नाही.

फ्लॅट विकताना निम्मे चेकने, निम्मे रोखीने. चर्चमध्ये कोणी हटकलेच तर म्हणा, जुने नीतिशास्त्रज्ञ काही कायदे केवळ दंडापुरते मानत. पकडले गेलो तर दंड भरू, पाप नाही. असे मत खरेच होते, थाप नाही. कॅटेकिझमच्या २४०९व्या परिच्छेदात करचुकवेगिरी सातव्या आज्ञेखाली, 'चोरी करू नको'च्या पोटात घातली आहे, एवढे सांगायचे विसरा.

वाडीची वाटणी आली की बहिणींना जेवायला बोलवा. आपल्याला लागू असलेला १९२५चा वारसा कायदा सांगतो की मृत्युपत्र नसेल तर विधवेला एकतृतीयांश, उरलेले सर्व मुलांना सारखे. मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणून हक्कसोडपत्राचा मसुदा आधीच तयार ठेवा. जेवण झाल्यावर, आई समोर बसलेली असताना, "तुझ्या लग्नात केलं की आम्ही" म्हणत पेन पुढे करा. ती सही करेल. माहेर तुटू नये म्हणून करेल. सबरजिस्ट्रारला ती सही चालते. धाकाने किंवा भिडेने काढलेली संमती नीतिशास्त्राला चालत नाही, पण नीतिशास्त्राच्या कचेरीत टोकन घ्यावे लागत नाही.

शेजाऱ्याची बदनामी केली असेल तर फक्त देवाची माफी मागा. ज्या दहा जणांना सांगितले त्यांच्याकडे परत जाऊन खोडायचे म्हणजे केवढा वेळ!

आता मुख्य मुद्दा, बुडवलेल्या पैशांचा. पापनिवेदनाला, म्हणजे कन्फेशनला, शक्यतो अनोळखी पॅरिशमध्ये, गर्दीच्या वेळी जा. "व्यवहारात थोडं इकडेतिकडे झालं, फादर" एवढेच म्हणा. रक्कम सांगू नका, कोणाची ते सांगू नका, परत दिली का हा प्रश्न येण्याआधी पश्चात्तापाची प्रार्थना सुरू करा. कारण फादरांनी विचारले तर पंचाईत आहे. पापक्षमेने अपराध धुतला जातो, देणे धुतले जात नाही. ते उभेच राहते. देण्याची ऐपत आहे आणि द्यायची तयारी नाही, तर पश्चात्तापच खोटा, आणि पश्चात्ताप खोटा तर पापक्षमाही लागू होत नाही. संत ऑगस्टीनपासून हे चालत आले आहे: घेतलेले परत केल्याशिवाय पाप सुटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तर आपल्या 'सुम्मा' या धर्मशास्त्राच्या ग्रंथात परतफेडीवर अख्खे प्रकरण लिहिले आणि एकही पळवाट ठेवली नाही. मूळ रक्कम द्यायची. ती अडकल्यामुळे त्याचे जे नुकसान झाले तेही भरायचे. तुम्ही पैसे दिले नाहीत म्हणून त्याने सोने गहाण टाकले असेल तर ते व्याज तुमच्या खाती. ज्याचे त्यालाच द्यायचे. तो वारला असेल तर वारसांना. शोधूनही कोणीच सापडले नाही, तरच गरिबांना. एकरकमी जमत नसेल तर हप्त्याने, पण आजपासून. तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर नाव न सांगता फादरांच्या हातून पोचवता येते, ते कोणाला बोलू शकत नाहीत. इतकी सोय केलेली आहे! आणि एकटा सापडणारच नाही: हुकूम देणारा, सल्ला देणारा, संमती देणारा, भरीस घालणारा, आसरा देणारा, वाटा घेणारा, आणि बोलणे कर्तव्य असताना गप्प बसणारा, न अडवणारा, न सांगणारा, असे नऊ जण अक्वायनस यांनी मोजून ठेवले आहेत. मुख्य माणसाने हात वर केले तर पुढच्यावर येते. म्हणजे चहा पिताना माना डोलावणाऱ्यांनीही आपापला क्रमांक बघून घ्यावा. जक्कयाची, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या जकातदाराची, गोष्ट दरवर्षी मुलांकडून करून घेता, झाडावर चढण्यापाशी टाळ्या वाजवता आणि पडदा पाडता. पुढे तो काय म्हणतो? ज्याचे लुबाडले त्याला चौपट देतो. येशू 'आज या घराला तारण मिळाले' म्हणतो, ते त्यानंतर. झाडावर चढला म्हणून नाही.

आणि हो, देणगी. सणाला मंडप द्या, बाकावर संगमरवरी पाटी लावा, वडिलांच्या स्मरणार्थ. मालक माहीत असलेला पैसा दानात देता येत नाही, कारण तो तुमचा नाहीच. दान आपल्या खिशातून करतात. आईबापाला द्यायचे ते 'देवाला वाहिले' म्हणून अडकवणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात काय सुनावले ते वाचा. नाही, वाचू नका. मला हे उपरोधाने लिहवत नाही आता.

अहो, तुम्हाला सगळे माहीत आहे. एका बैठकीत हॉटेलच्या बिलाची वाटणी रुपयापर्यंत करता आणि त्या पार्टनरचा आकडा तेवढा आठवत नाही? त्याने तुमच्या शब्दावर पैसे लावले होते. तो दर रविवारी चार बाक मागे बसतो, शांतीचे चिन्ह देताना तुम्ही नेमके दुसऱ्या बाजूला वळता. आणि वर देवाला मध्यस्थ घालून स्वतःला भरपाईची पावती फाडता? देवाने तुमचे पाप माफ केले असेल. त्या माणसाचे पैसे माफ करायचा अधिकार त्या माणसाला आहे, आणि त्याला तुम्ही विचारलेले नाही. फादरांना आकडा सांगा. बायकोला सांगा. मग बँकेत जा. आणि तुम्ही, माना डोलावणारे, पुढच्या वेळी निदान मान तरी हलवू नका.