सत्तरीच्या आजीला ससा-कासव कशाला?

नवसाक्षरांना वाचायला काय द्यावं असं विचारलं की दहातले नऊ जण सांगतात, "पहिली-दुसरीची गोष्टीची पुस्तकं द्या की! सोपी असतात." सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी समाजमंदिरात प्रौढांचा वर्ग भरतो. तिथे अशी पुस्तकं गठ्ठ्यानं येऊन पडतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिनं सासू-सासऱ्यांचं म्हातारपण काढलं, आल्याच्या पिकावर पोरींची लग्नं उरकली, तिच्यापुढं आपण ससा-कासवाची शर्यत ठेवतो. एक आजी मला सरळ म्हणाल्या, "आगं पोरी, ससा हरूंदे न्हायतर कासव, मला काय करायचंय त्येचं?"

या बायकांना अक्षरं नवी आहेत, जग नवं नाही. साहित्य निवडणारे नेमकं हेच विसरतात.

सोपं म्हणजे जोडाक्षर नसलेलं, अशी एक समजूत घट्ट बसली आहे. वर्गात उलटा अनुभव येतो. 'ग्रामपंचायत', 'हप्ता', 'व्याज' हे शब्द बाया पहिल्या एक-दोन अक्षरांवरूनच ओळखतात, कारण उरलेला शब्द कानात आधीपासून असतो. आणि 'उपवन' वाचताना चारही सुटी अक्षरं नीट लावतात, मग मान वर करून विचारतात, "म्हंजे काय ओ ताई?"

आमच्याकडे सगळ्यात रंगलेलं वाचन झालं ते आल्याच्या पट्टीचं. कुणाच्या तरी घरातून बाजारातली हिशोबपट्टी आली होती. वर मालकाचं नाव, मग वजन, गाडीचा भाव (आल्याची गाडी म्हणजे पाचशे किलो, हे मी तुम्हाला सांगतेय, त्यांना सांगायची गरज नाही), खाली हमाली, तोलाई आणि शेवटी हातात पडलेली रक्कम. एकीनं बोट ठेवून 'ह-मा-ली' वाचलं आणि थांबली. "आलं काढलं आमी, धुतलं आमी, पोती भरली आमी. मग ही हमाली कुनाला दिली?" त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही. सगळ्या त्या कागदाभोवती गोळा होऊन आकडे लावत बसल्या. कारभाऱ्यांना घरी गेल्यावर काय काय प्रश्न आले असतील, कल्पना करा.

तसंच लग्नपत्रिकांचं. पत्रिका म्हणजे नावांची खाण, आणि प्रत्येक नावामागचं नातं, गाव, भांडण त्यांना पाठ. निमंत्रकांच्या यादीत कुणाचं नाव गाळलंय हे शोधण्यासाठी बाई सबंध पत्रिका वाचून काढते. अशी ओढ कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? भिंतीवरच्या कॅलेंडरचंही तेच. एकादशी, संकष्टी, अमावास्या आणि तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं मांडलेला दुधाचा हिशोब.

हरिपाठ आणि जात्यावरच्या ओव्या तर हुकमी. माउलींची पालखी आपल्याच जिल्ह्यातून, लोणंद-फलटणवरून जाते. हरिपाठ तोंडपाठ असलेल्या बाया गावोगाव आहेत. तोंडानं ओळ म्हणायची आणि बोट छापील शब्दावरून सरकवायचं. काही जण म्हणतात हे पाठांतर झालं, वाचन नव्हे. सुरुवातीला असेल. पण बोट चुकलं की बाई स्वतःच थांबते, मागे जाते आणि शब्द शोधते. तिथून वाचन सुरू होतं.

सरकारी पुस्तिकांबद्दल थोडक्यात. हात धुवा, व्यसन सोडा, बचत करा. अहो, बचत गट या बायाच चालवतात!

छपाईकडे तर कुणाचं लक्षच नसतं. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा, हे राज्य सरकारनं २००९ मध्येच ठरवून दिलंय. तरी कॉम्प्युटरवरून निघणाऱ्या कितीतरी कागदांवर हिंदी वळणाचे ल-श येतात. आपल्याला फरक जाणवतही नाही, नव्या वाचकाला मात्र ते वेगळंच अक्षर वाटतं. अक्षरं बारीक, ओळी दाटीवाटीनं. त्यात चाळिशी उलटली की जवळचं दिसायला चष्मा लागतो. "माझ्या डोस्क्यात शिरत न्हाई" म्हणणाऱ्या एका काकूंना वाचायचा चष्मा मिळाला आणि डोस्कं एकदम चालायला लागलं.

आता केंद्र सरकारच्या 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात परीक्षा असते, १५० गुणांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. बाया पास होतात, प्रमाणपत्र घेऊन फोटो काढतात. त्यानंतर वाचायला हातात काय? १९५९ साली प्रौढांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीम आपल्या सातारा जिल्ह्यात सुरू झाली आणि मग महाराष्ट्रभर गेली, याचा आपण अभिमान बाळगतो आणि बाळगावाच. पण शिकलेलं अक्षर रोज डोळ्यांखालून गेलं नाही तर पुसतं, हे तेव्हाही खरं होतं.

म्हणून आम्ही वर्गातच पानं तयार करायला लागलो. बाईनं सांगायचं, मी लिहून घ्यायचं, मोठ्या अक्षरात टाइप करून झेरॉक्स काढायची. पाटण तालुक्यात माहेर असलेल्या एका आजींनी कोयनेचा भूकंप सांगितला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. उतरंड कशी कोसळली, म्हातारीला पाठुंगळी घेऊन वडील अंगणात कसे धावले, थंडीत उघड्यावर कशा रात्री काढल्या. मी त्यांच्याच बोलीत लिहिलं, 'पाणी'चं 'पानी' राहू दिलं. एका शिक्षक मित्राला ते खटकलं. मी म्हटलं, प्रमाण मराठी शिकवायला उभा जन्म पडलाय, आधी माणसाला स्वतःचं बोलणं कागदावर दिसू दे.

ते पान वर्गात इतक्यांदा वाचलं गेलं की घड्यांवर फाटलं. आता बहात्तरच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या तिघी जणी आपापलं पान मागतायत, आणि पहिला नंबर कुणाचा यावरून वाद चालू आहे.

टायपिंग मला एकटीला आवरेना झालंय. कोरेगाव-सातारा भागात मराठी वळणाच्या फॉन्टमध्ये मोठ्या अक्षरात टाइप करून देणारं कुणी असेल तर कमेंटमध्ये सांगा. जुन्या लग्नपत्रिका, पट्ट्या, कॅलेंडरं चालतील. ससा-कासव कृपया अंगणवाडीत द्या.