सतरा सप्टेंबर आणि ‘आज हा विषय नको’

माझ्या माहेरच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यंदा सतरा सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातून सुटला त्या मुक्तिसंग्राम दिनाला, जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

सकाळपासून ध्वजवंदनाचे फोटो येत होते, स्वामी रामानंद तीर्थांचे फोटो येत होते. मग कुणी प्रबोधनकार ठाकरेंची जयंती आठवून दिली, कुणी पेरियारांची. कुणी पंतप्रधानांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, कारखान्यात असलेल्या पोरांनी विश्वकर्मा पूजेचे फोटो टाकले. एवढं सगळं एका तारखेत मावलं, कुणाचीच अडचण झाली नाही. दुपारी शाळेत शिकवणाऱ्या माझ्या चुलतभावाने १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतरच्या हत्यांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीच्या अहवालावर चार ओळी लिहिल्या आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. ‘आज हा विषय नको. आजचा दिवस आनंदाचा आहे. कशाला उकरून काढायलास?’ तासाभरात त्याची पोस्ट काढून टाकली गेली. मी त्याची बाजू घेतली तर उत्तर आलं, ‘ताई, तुम्ही तिकडं बसून आम्हाला शिकवू नका.’

त्याने लिहिलेल्यात खोटं काय होतं? १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेली भारतीय फौज पहिल्याच दिवशी नळदुर्गात शिरली. १७ तारखेला निजामाने हैदराबाद रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली, १८ ला त्याचे सेनापती अल इद्रूस मेजर जनरल चौधरींना शरण गेले. त्याआधीची रझाकारी, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा जुलूम, आमच्या घराने भोगलेली आहे. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचाच वकील. माझे आबा बार्शीकडच्या सरहद्दीवरच्या, लढ्याच्या कॅम्पात होते, गावातलं घर लुटलं गेलं होतं. हे मी विसरलेली नाही, माझा भाऊही विसरलेला नाही. पण पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत जे झालं तेही त्याच मातीत झालं. नेहरूंनी पाठवलेली समिती त्याच वर्षाच्या अखेरीस गावोगाव फिरली. संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज. सगळ्यांत जास्त हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आपले, बाकीचे बीदर आणि गुलबर्गा. मेलेले बहुतेक मुसलमान. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्याच अहवालात आहे. आमची आजी विहिरींबद्दल एकच वाक्य बोलायची आणि मग गप्प व्हायची.

मी जर्मनीत लाइपझिगला राहते. इथे नऊ नोव्हेंबर असतो. १९१८ साली त्या दिवशी शायडेमानने बर्लिनमध्ये राइशटागच्या खिडकीतून प्रजासत्ताक जाहीर केलं. १९२३ साली त्याच सुमारास म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव फसला. १९३८ साली त्या रात्री नाझींनी देशभर सिनागॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळले, दुकानं फोडली, त्या दिवसांत तीसएक हजार ज्यू पुरुषांना उचलून छावण्यांत कोंबलं. आणि १९८९ साली त्याच तारखेला बर्लिनची भिंत उघडली. एका पिढीच्या आयुष्यातली सगळ्यांत आनंदाची रात्र! तरी राष्ट्रीय सणासाठी तीन ऑक्टोबर निवडला गेला, कारण नऊ नोव्हेंबरला नुसतं नाचता येत नाही, हे इथल्या लोकांना कळत होतं. माझ्या गल्लीत त्या संध्याकाळी लोक गुडघे टेकून स्टोलपरस्टाइन, म्हणजे नाझींच्या बळींच्या नावांचे फुटपाथमधले छोटे पितळी दगड, घासतात, मेणबत्ती लावतात. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई १९८९ च्या, पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्धच्या सोमवारच्या मोर्चांत होत्या. त्या दिवशी त्या आधी गॉटशेडश्ट्रासेला जातात, पाडलेल्या सिनागॉगच्या जागी स्मारक म्हणून १४० रिकाम्या खुर्च्या आहेत तिथे. मग घरी येऊन मुलांना भिंतीच्या गोष्टी सांगतात, हसतात. ‘आज ते नको, आज हेच’ असं त्यांनी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

लगेच कुणी म्हणेल, जर्मनीचं वेगळं. वेगळं आहेच. तिथे सरकारने ठरवून केलं, आपल्याकडे सूड होता, लूट होती, जमिनीचे हिशेब होते. मी दोन्ही एका तागडीत घालत नाही. माझं म्हणणं एवढंच की हैदराबाद मुक्त झालं हेही खरं आणि त्यानंतर निरपराध माणसं मारली गेली हेही खरं. पहिलं सांगताना दुसरं गिळलं, तर पहिल्यावरही पोरं विश्वास ठेवणार नाहीत.

आणि आपल्या लोकांना आनंद आणि दुःख एका तारखेत धरता येत नाही, असंही नाही. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि कितीतरी गावं जमीनदोस्त झाली. तेव्हापासून आमच्याकडे विसर्जन म्हटलं की भूकंप आठवतो. ढोल वाजतात आणि म्हाताऱ्या रडतातही. ‘आज हा विषय नको’ असं त्यांना कुणी म्हणत नाही. कारण भूकंपाला आरोपी नसतो. सतरा सप्टेंबरनंतरच्या त्या आठवड्यांना आहेत, आणि ते सगळे बाहेरून आलेले नव्हते.

चौदा जानेवारीचंही तसंच. संक्रांत, १७६१ चं पानिपत, आणि १९९४ साली त्याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देणारा नामविस्तार. पानिपतावर आमच्या घरी मोठ्या आवाजात चर्चा व्हायच्या, तीही तिळगूळ खातखात. पण नामांतरासाठी पोचीराम कांबळेंनी जीव गमावला, गौतम वाघमारेंनी नांदेडमध्ये स्वतःला पेटवून घेतलं, ही नावं मला घरात कुणी सांगितली नाहीत. औरंगाबादला शिकायला गेले तेव्हा विद्यापीठाच्या गेटवरची गर्दी पाहून कळलं. त्या गर्दीसाठी तोच वर्षातला मोठा सण होता आणि आमच्या गल्लीला त्याचा पत्ताही नव्हता.

शाळांतल्या सतरा सप्टेंबरच्या भाषणांत मला शोएबुल्ला खान यांचं नाव हवं आहे. ‘इमरोज’चे संपादक, भारतात विलीन व्हा असं लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना हैदराबादेत मारलं. मुसलमान होते. स्वामीजींच्या, गोविंदभाई श्रॉफांच्या नावाशेजारी ते नाव घेतलं तर कुणाचं काय कमी होतं? आणि त्याच भाषणात दोन वाक्यं त्या विहिरींबद्दल. माझा भाऊ वर्गात हे सांगतो. त्याला तिथेच राहायचं आहे, त्याच रस्त्याने रोज शाळेत जायचं आहे. म्हणून त्याच्या चार ओळींची किंमत माझ्या या सगळ्या लेखापेक्षा जास्त आहे.

‘तिकडं बसून’ हे मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. गॉटशेडश्ट्रासेच्या खुर्च्यांसमोर मी ताठ मानेने उभी राहू शकते. तिथे माझ्या आबांचा काही संबंध नाही. आबा कॅम्पातून परत आले ते नेमके कधी आणि पुढचे महिनाभर कुठे होते, हे मी त्यांना विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. आइनब्युर्गरुंग्सटेस्टमध्ये, म्हणजे जर्मन नागरिकत्वासाठीच्या परीक्षेत, ९ नोव्हेंबर १९३८ ला काय झालं असा प्रश्न आहे. मला त्याचं उत्तर पाठ आहे, परीक्षाही पास झाले. नागरिकत्वाचा अर्ज मात्र भरून ड्रॉवरमध्ये पडला आहे. तो मंजूर होऊन नागरिकत्व मिळालं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, आणि मग सतरा सप्टेंबर हा कागदोपत्री माझा दिवस उरत नाही. नवरा म्हणतो, कागदाने काय होतं. ग्रुपवरची मंडळी तर पासपोर्ट असतानाच मला परकी म्हणायला लागली आहेत. मला त्या गावची म्हणूनच बोलायचं आहे. अर्ज दिला तरी, नाही दिला तरी.