कारखाना आला, आता त्याच्याकडे काय मागायचं?

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये टाटा-एअरबसचा सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांचा प्रकल्प वडोदऱ्याला होणार हे जाहीर झालं आणि महाराष्ट्रात रान पेटलं. महिनाभर आधीच वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला गेला होता, त्यामुळे जखम ओली होती. वायुसेनेच्या जुन्या अॅव्रो विमानांच्या जागी ५६ नवी विमानं, त्यातली १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार येणार, ४० भारतात जोडली जाणार, करार २१,९३५ कोटींचा. आमच्या नागपूरला मिहान या विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पासाठी त्याची आस होती, मंत्र्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. मी तेव्हा एअरबसच्या माहेरघरात, फ्रान्समधल्या तुलूझमध्ये होते आणि आजही तिथेच आहे. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाऊजींनी लिहिलं होतं, "तुमच्या गावच्या कंपनीनं आमच्या गावाला टांग मारली." तुमचं गाव, आमचं गाव हे वाचून मला वाईट वाटलं, कारण माझं गाव आजही नागपूरच आहे.

मग २०२५ च्या जूनमध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात दासो या विमानं बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीने जाहीर केलं की फाल्कन २००० हे बिझनेस जेट फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच पूर्ण जोडलं जाईल, आणि ते नागपूरला. पहिलं विमान २०२८ पर्यंत उडवायचं ठरलं आहे. त्या दिवशी त्याच ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. मलाही मनापासून आनंद झाला. मी विमानांच्या सुट्या भागांच्या एका पुरवठादाराकडे काम करते. विमानाच्या नाकाचे भाग जोडण्यापासून अख्खं विमान जोडण्यापर्यंत जाणं म्हणजे काय, किती माणसांचे हात त्यासाठी वर्षानुवर्षं तयार व्हावे लागतात, हे मला रोज दिसतं.

पण गेलं म्हणून रडायचं आणि आलं म्हणून नाचायचं, एवढ्यावरच आपली चर्चा संपते, हे मला इथून फार खटकतं. आलेल्या कारखान्याकडे शहराने काय मागितलं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तुलूझनेही तो फार उशिरा विचारला आणि त्याची किंमत हे शहर अजून मोजतं आहे. नागपूरला ती टाळता येईल, म्हणून हे लिहिते आहे.

तुलूझ विमानांचं शहर झालं ते आपोआप नव्हे. पहिल्या महायुद्धात १९१७ साली लातेकोएर यांनी इथे विमानांचा कारखाना काढला, कारण हे शहर जर्मन सीमेपासून दूर होतं. पण खरा पाया घातला गेला तो १९६८ च्या सुमारास. तेव्हा फ्रेंच सरकारने पॅरिस परिसरातली वैमानिकी अभियांत्रिकीची उच्च संस्था आणि नागरी हवाई वाहतुकीची राष्ट्रीय शाळा या दोन्ही उचलून इथे आणल्या. अवकाश संस्थेचं केंद्रही इथेच उभारलं. १९६९ च्या २ मार्चला कॉन्कॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाने पहिलं उड्डाण इथून केलं, तेव्हा त्यामागे निव्वळ हँगर नव्हतं, वर्ग आणि कार्यशाळाही होत्या. एअरबसची स्वतःची व्यवसाय शिक्षणाची शाळा आजही तुलूझमध्ये आहे. तिथली सोळा-सतरा वर्षांची मुलं रिव्हेट मारायला शिकतात आणि पुढे जोडणीच्या लाइनवर जातात.

नागपूरने या बाबतीत चांगली सुरुवात केली आहे, तिचं मात्र कौतुक कोणी करत नाही. शासकीय आयटीआयमध्ये दासोच्या सहकार्याने विमानाचा सांगाडा जोडणाऱ्या फिटरचा अभ्यासक्रम सुरू झाला. बोइंग ७८७ च्या फ्लोअरखालचे कंपोझिट बीम मिहानमध्ये बनतात. बोइंगने उभारलेलं विमान दुरुस्ती केंद्र २०१५ पासून तिथे आहे. हे सगळं सी-२९५ च्या वादाच्या आधीपासून होतं. पण वाद पेटला तेव्हा त्या बीमबद्दल किंवा त्या फिटरांबद्दल एक वाक्य मी ऐकलं नाही. एक मोठा प्रकल्प गेला म्हणून सगळं गेलं असं म्हणताना आपण आपल्याच मुलांच्या हातातलं काम विसरतो.

आता तुलूझने जे चुकवलं त्याकडे येते. कारखाने शहराच्या पश्चिमेला, ब्लान्याक आणि कोलोमिए या भागांत वाढत गेले. मेट्रोची पहिली मार्गिका १९९३ साली सुरू झाली, दुसरी २००७ साली, आणि दोन्हींपैकी एकही या कारखान्यांपर्यंत पोहोचली नाही. परिणाम असा की पिढ्यानपिढ्या कामगार आणि इंजिनिअर गाडीनेच कामाला जात राहिले. सकाळी साडेसातला इथल्या रिंगरोडवर जी रांग लागते ती पाहून मला वर्धा रोडवरचं उड्डाणपुलाच्या आधीचं दृश्य आठवतं. तिसरी मार्गिका आता बांधली जात आहे: २७ किलोमीटर, २१ स्थानकं, कोलोमिएपासून आग्नेयेला लाबेजपर्यंत, एअरबसच्या कारखान्यांजवळ थांबणारी. २०२८ ला सुरू होईल म्हणतात. म्हणजे कॉन्कॉर्ड उडाल्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी.

यात एक गोष्ट मात्र फ्रान्सने फार आधी केली, आणि महाराष्ट्राने तिचा गंभीरपणे विचार करावा असं मला वाटतं. अकरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक मालकाला शहरी वाहतुकीसाठी पगाराच्या रकमेवर एक कर भरावा लागतो. १९७१ साली तो पॅरिससाठी सुरू झाला, १९७३ पासून इतर शहरांत आला. तुलूझमध्ये तो दोनेक टक्के आहे आणि इथल्या वाहतूक यंत्रणेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा तोच उचलतो. तत्त्व साधं आहे: तुमच्या कामगारांना वेळेवर पोहोचवणाऱ्या बस आणि मेट्रोचा फायदा तुम्हाला होतो, तर खर्चातही तुम्ही या.

आपल्याकडे काय आहे? नागपूर मेट्रोसाठी केंद्र-राज्याचा वाटा आणि जर्मन व फ्रेंच विकास संस्थांची कर्जं आली. हो, फ्रेंचही, तेरा कोटी युरोंचं. शिवाय घर किंवा जमीन विकत घेणाऱ्याला मुद्रांक शुल्काबरोबर किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार आहे. म्हणजे मनीषनगरात दोन खोल्यांचं घर घेणारा शिक्षक मेट्रोसाठी पैसे भरतो, आणि हजार माणसं कामाला ठेवणारी कंपनी भरत नाही. हे मला न्याय्य वाटत नाही. पगाराशी जोडलेला कर महाराष्ट्राला नवा आहे असंही नाही. १९७५ साली याच राज्याने रोजगार हमीसाठी व्यवसाय कर लावला, शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी. त्या काळी ज्या राज्याला हे सुचलं, त्याला आज कंपन्यांकडे कामगारांच्या प्रवासाचा वाटा मागताना संकोच का वाटावा?

भाऊजी याला हरकत घेतात. त्यांचं म्हणणं, "आधीच कंपन्या गुजरातला जातात, तुम्ही अजून कर लावा म्हणता. मग तर कोणी फिरकणारच नाही." हा मुद्दा मी टाळत नाही. दोन राज्यांत सवलतींची चढाओढ असताना एकट्या नागपूरने असा कर लावला तर त्याचा तोटा होऊ शकतो, म्हणून तो राज्यभर आणि टप्प्याटप्प्याने लावावा लागेल. पण सवलतींच्या जोरावर आलेली कंपनी त्याहून मोठ्या सवलतींसाठी उठून जाते, आणि शिकलेली माणसं, चालती वाहतूक, भरवशाचं पाणी यांसाठी आलेली कंपनी टिकते. तुलूझमध्ये २०२० साली करोनाकाळात एअरबसने फ्रान्समध्ये पाच हजार नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा सगळं शहर हादरलं होतं. ए-३८० या महाकाय विमानाचं उत्पादनही बंद झालं. पण त्याच्या भव्य हॉलमध्ये २०२३ साली ए-३२१ या त्याहून लहान विमानाची लाइन सुरू झाली. तो हॉल भरणारी माणसं इथेच होती, म्हणून हे जमलं.

वेगाच्या बाबतीत मात्र मी नागपूरच्या बाजूने आहे. २०१४ साली भूमिपूजन झालेल्या मेट्रोचा पहिला टप्पा २०२२ च्या डिसेंबरात पूर्ण झाला, वर्धा रोडच्या दुमजली पुलासकट. तुलूझच्या तिसऱ्या मार्गिकेवर २०१६ साली नुसती जाहीर चर्चाच काही महिने चालली होती. पण त्या चर्चेत लोकांनी स्थानकं कुठे हवीत ते सांगितलं, हेही खरं. नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा मिहानपासून बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत जाणार आहे. मिहानचा पसारा चार हजार हेक्टरांहून मोठा आहे आणि सध्याची मार्गिका त्याच्या काठाने खापरीपर्यंत जाते. स्थानकापासून कारखान्याच्या गेटपर्यंतची शेवटची दोन-चार किलोमीटर कोण सांभाळणार हे आत्ताच ठरलं नाही, तर तिथल्या सगळ्या पार्किंगमध्ये दुचाक्यांचे डोंगर उभे राहतील आणि मेट्रो रिकामी धावेल.

याहून मोठी चिंता मला दुसरीच आहे. नागपूर संरक्षण आणि विमान उद्योगाचं केंद्र होणार असं म्हणताना त्यात स्फोटकांचे कारखानेही येतात, ते आपण मोठ्याने बोलत नाही. अमरावती रोडवर बाजारगावच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले, त्यात बाया होत्या. पुढच्या जूनमध्ये त्याच रस्त्यावर धामण्याला पुन्हा स्फोट झाला, पुन्हा माणसं गेली. याच काळात त्या रस्त्याने शहर वाडीच्या पुढे सरकत होतं.

तुलूझला हा धडा २१ सप्टेंबर २००१ ला मिळाला. शहराच्या दक्षिणेला एझेडएफ नावाचा खतांचा कारखाना होता. १९२० च्या दशकात तो बांधला तेव्हा वस्तीबाहेर होता. नंतर शहर त्याच्या अंगावर वाढलं आणि कोणी त्याला थांबवलं नाही. त्या सकाळी अमोनियम नायट्रेटचा साठा फुटला, ३१ माणसं गेली, हजारो जखमी झाली, किलोमीटरभर दूरच्या शाळांच्या काचा मुलांवर आल्या. माझी शेजारीण तेव्हा नर्स होती. अजूनही मोठा आवाज झाला की तिचा हात कानाकडे जातो. त्या जागी आज कर्करोगावरच्या उपचारांचं आणि संशोधनाचं मोठं केंद्र आहे.

या स्फोटानंतर २००३ साली फ्रान्सने कायदा केला. धोकादायक कारखान्यांभोवतीचा परिसर नकाशावर आखायचा, तिथे कुठे घर बांधता येईल आणि कुठे नाही हे ठरवायचं, सर्वांत धोक्याची घरं सरकारने मोबदला देऊन रिकामी करायची, आणि या सगळ्यासाठी आजूबाजूच्या रहिवाशांना समितीत बसवायचं. आपल्याकडेही भोपाळनंतर १९९६ साली जिल्हा आपत्ती गटांचे नियम झाले, पण ते रासायनिक अपघातांपुरते, आणि किती नागपूरकरांना आपल्या जिल्ह्यातला असा गट माहीत आहे? देशभरातल्या स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय नागपुरातच आहे. इतकं ज्ञान ज्या शहरात राहतं, त्या शहराने कारखान्यांभोवतीचा असा नकाशा सर्वांत आधी जाहीर करायला हवा.

नागपूरच्या अंबाझरी तलावाचंही तेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरलं. चार माणसं गेली. तलावाचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथेच स्मारक उभं असल्याचा प्रश्न रहिवाशांना उच्च न्यायालयात न्यावा लागला. धावपट्टी लांबते, हँगर वाढतात, काँक्रीट पसरतं तेव्हा पावसाचं पाणी कुठे जाणार हा हिशेब विमानतळाच्या प्रत्येक आराखड्यात पहिल्या पानावर हवा. सोनेगाव तलाव तर विमानतळाच्या अगदी शेजारी आहे.

आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं आहे ती शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगावची माणसं. मिहानसाठीची कंपनी २००२ साली स्थापन झाली. शिवणगावच्या पुनर्वसनाचा प्रश्न इतकी वर्षं रेंगाळला की ज्यांनी जमीन दिली त्यांच्यातले कित्येक निकाल पाहायला राहिले नाहीत. त्यांच्या नातवंडांना फिटरच्या त्या अभ्यासक्रमात राखीव जागा आणि शिष्यवृत्ती मिळावी, फाल्कनच्या लाइनवर पहिल्या भरतीत त्यांची नावं असावीत. कंपनीशी करार करताना हे कलम घालायला फार खर्च येत नाही.

हे मागायचं कोणी, हा शेवटी खरा प्रश्न आहे. तुलूझचा महापौर सहसा महानगर परिषदेचाही अध्यक्ष असतो, आणि मेट्रो, कारखाने, विमानतळाचा आवाज यांवर निवडणुकीत त्याला लोक थेट धरतात. नागपूर महापालिकेत मात्र २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचं राज्य होतं. सी-२९५ गेला, फाल्कन आलं, अंबाझरी फुगला, नव्या टर्मिनलची पायाभरणी झाली, तेव्हा शहराचा एकही निवडून आलेला नगरसेवक सभागृहात नव्हता. पुढच्या वेळी भाऊजी फोनवर म्हणतील की अजून एक प्रकल्प येतोय, तर मी त्यांना त्यांच्या प्रभागाच्या नगरसेवकाला तीन गोष्टी लेखी विचारायला सांगणार आहे: गेटपर्यंतच्या बसचे पैसे कोण देणार, पावसाचं पाणी कुठे सोडणार, आणि शिवणगावच्या किती पोरांना काम मिळणार. पत्राचा मसुदा मी मराठीत करून ठेवला आहे, तो त्यांना पाठवते.